गिरवी यादीत होती!

गेल्या वर्षी आमच्या मराठी विभागाने फलटण तालुक्यातील वीस गावांतून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्या डेटाबेसमध्ये भरून संकेतस्थळावर ठेवायच्या ठरल्या, आणि गावांची यादी मांडण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. वीस नावे एकाखाली एक लावली तर पानाची उजवी बाजू ओसाड दिसे. म्हणून मी तीन रकाने केले. पान देखणे झाले. सरांनीही मान डोलावली.

दिवाळीनंतर गिरवीच्या एक मावशी विभागात आल्या. त्यांच्या सासूबाईंच्या ओव्या आम्ही ध्वनिमुद्रित केल्या होत्या. सासूबाई त्यानंतर महिन्याभरात वारल्या. मावशींनी पडद्यावर बोट फिरवले आणि म्हणाल्या, "आमच्या गावाचं नावच न्हाई की रं यात!" मी चमकलो. नाव होते, मावशींना ते सापडले नाही, आणि दोष त्यांचा नव्हता.

डेटाबेसला "गावे अकारविल्हे दे" अशी आज्ञा केली की तो एकच लांब माळ हाती देतो. रकाने त्याला ठाऊक नसतात. माळ कशी दुमडायची हे पानाने ठरवायचे. मी ती आडवी दुमडली होती. पहिल्या ओळीत आदर्की, आळजापूर, आसू, दुसरीत उपळवे, कापशी, काळज, तिसरीत कुरवली, कोळकी, गिरवी, चौथी गुणवरेपासून. आता मावशींसारखे पहिल्या रकान्यातून खाली उतरा: आदर्की, उपळवे, कुरवली, गुणवरे. गिरवी यायला हवी ती कुरवली आणि गुणवरे यांच्या मधे. तिथे ती नाही. मग माणूस पुढे कशाला पाहील? शब्दकोश आणि वर्तमानपत्र वाचून आपल्या डोळ्यांना रकाना उभा वाचायची सवय आहे. जुन्या काळी शालान्त परीक्षेचे निकाल वर्तमानपत्रात बारीक टायपात छापून येत, तेव्हा आपला क्रमांक शोधणारे बोटही असेच वरून खाली सरकत असे.

उभी दुमड घालायला थोडे गणित लागते. वीसला तिनाने भागले की सहा येतात आणि दोन उरतात. म्हणून रकाना सातांचा धरायचा. पहिल्यात सात, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात उरलेली सहा. गिरवी नववी, म्हणजे दुसऱ्या रकान्यात दुसरी. मात्र याच रीतीने नऊ नावे चार रकान्यांत बसवू पाहा: रकाना तिनांचा होतो, नावे तीन रकान्यांतच संपतात आणि चौथा रिकामा राहतो! हल्ली हे गणित ब्राउझरही करतो. 'कॉलम-काउंट' हा गुण तीन दिला की तो माळ आपणहून उभी दुमडतो. 'वाठार निंबाळकर'सारखे ऐसपैस नाव अरुंद रकान्यात दोन ओळींवर गेले, तर ते दोन रकान्यांत तुटू नये एवढे त्याला वेगळे बजावावे लागते.

एक चूक मात्र रकान्यांची नव्हती. वरच्या यादीत आळजापूर हे आसूच्या आधी आले आहे. युनिकोडमध्ये 'ळ' लगेच 'ल'च्या मागे बसविला आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. म्हणून मराठी क्रमाने आधी आसू, मग आळजापूर. तसेच 'क्ष' हा 'क'च्या पोटात जातो आणि 'ज्ञ' हा 'ज'च्या. मराठी क्रम पाळ, असे डेटाबेसला स्पष्ट सांगावे लागते.

वीस गावांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे काही मित्र म्हणाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जमविलेल्या ओव्या एक लाखाहून अधिक आहेत. २०१७ पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या. एवढ्या साठ्यात जी ओवी यादीतून सापडत नाही ती नसल्यातच जमा. आमचा साठा लहान, पण मावशींना हवी असलेली ओवी त्यातच होती.

शेवटी रकान्यांची संख्या मी काढूनच टाकली आणि फक्त रकान्याची किमान रुंदी ठरवून दिली. मावतील तितके रकाने ब्राउझर करतो. मावशी आता घरी नातवाच्या फोनवर ऐकतात. तिथे पडदा अरुंद, म्हणून एकच रकाना मावतो, आणि गिरवी वरून नववी येते.