वृद्धांचा चित्तभ्रम आणि तरुण डॉक्टर

सत्तरी ओलांडलेली व्यक्ती एकाएकी असंबद्ध बोलू लागली, की तिला ‘म्हातारचळ’ लागला असे म्हणून घरचे मोकळे होतात. अंगात ताप असेल तर ‘वात झाला’ असे म्हणण्याची जुनी रीत आहे. खरे पाहता ही रीत सत्याच्या अधिक जवळची होय, कारण बिघाड शरीरात आहे हे तीत गृहीत धरलेले असते. या अवस्थेस आधुनिक वैद्यक डिलिरियम म्हणते. हा चित्तभ्रम काही तासांत अथवा एक-दोन दिवसांत उद्भवतो, दिवसभरात कमीअधिक होत राहतो आणि त्यात रुग्णाचे लक्ष कशावरही टिकत नाही. स्मृतिभ्रंश मात्र महिनोन् महिने हळूहळू वाढत जातो. दोहोंची गल्लत झाली की उपचाराची वेळ निघून जाते.

चित्तभ्रमामागील कारणे पुष्कळदा अगदी साधी असतात. लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शरीरातील पाणी वा सोडियम कमी होणे, रक्तातील साखर उतरणे, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना यांपैकी एखादे किंवा दोन-तीन मिळून वृद्धाचा मेंदू गोंधळून जातो. काही वेळा औषधच कारण ठरते. झोपेच्या गोळ्या तसेच सर्दी आणि खाजेसाठी सर्रास दिली जाणारी फेनिरामाईन, क्लोरफेनिरामाईन यांसारखी औषधे तरुणास केवळ सुस्ती आणतात, परंतु ऐंशीच्या माणसास त्यांनी भ्रम होऊ शकतो.

रुग्णालयात अशा रुग्णाजवळ प्रथम पोहोचतो तो बहुधा आंतरवासी किंवा निवासी डॉक्टर. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांतील शिकाऊ डॉक्टरांची एक पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. चित्तभ्रम नेहमी आढळतो व तो गंभीर असतो हे त्यांतील बहुतेकांना मान्य होते, परंतु निदानाचे निकष आणि उपचार यांविषयीचे ज्ञान अपुरे असल्याचे दिसून आले. आपल्याकडे २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात वृद्धांच्या आजारांना स्वतंत्र स्थान मिळाले आहे. अंबरनाथ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तेथील पहिल्या तुकडीची आंतरवासिता २०२९ च्या सुमारास सुरू होईल. या अवस्थेचे वर्णन पुस्तकात वाचणे सोपे असते. रात्रपाळीत ती समोर आली की ओळखणे मात्र अवघड जाते.

आरडाओरड करणारा, सलाईनची नळी उपटणारा, ‘भोंगा झाला, पाळी चुकेल’ म्हणून खाटेवरून उतरू पाहणारा निवृत्त कामगार सर्वांच्या लक्षात येतो. अधिक फसगत होते ती निमूट पडून राहणाऱ्या रुग्णाबाबत. तो जेवत नाही, हाक मारली तर उशिरा डोळे उघडतो व पुन्हा मिटतो. त्याचा कोणास त्रास नसल्याने ‘आजी शांत आहेत’ अशी नोंद होते आणि आजार तसाच वाढत राहतो.

निदानाची किल्ली ‘हे केव्हापासून?’ या एका प्रश्नात आहे आणि त्याचे उत्तर देऊ शकतात ते घरचेच. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात नेमकी येथेच अडचण उभी राहते. सून-मुलगा पहाटेच्या लोकलने मुंबईस गेलेले असतात आणि डॉक्टरांची फेरी होते तेव्हा खाटेजवळ शेजारी किंवा पैसे देऊन ठेवलेली बाई असते. आजोबा परवापर्यंत वर्तमानपत्र वाचत होते, ही गोष्ट केसपेपरवर येतच नाही. निवासी डॉक्टरने घरी एक दूरध्वनी केला तर ती दोन मिनिटांत कळू शकते.

दुसरी अडचण भाषेची. एडिंबरा येथे तयार झालेली ‘फोर-ए-टी’ ही छोटी चाचणी आज अनेक देशांत वापरली जाते. रुग्ण कितपत जागा आहे, त्याला वय, जन्मतारीख, ठिकाण व साल सांगता येते का, वर्षाचे महिने उलट क्रमाने म्हणता येतात का आणि हा बदल अचानक झाला का, एवढेच तीत पाहावयाचे असते. दोन मिनिटांचे काम. परंतु ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर वसले ते फाळणीत घरदार गमावून आलेल्या सिंधी कुटुंबांसाठी. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. त्या आजींना घाईच्या मराठीत वा हिंदीत प्रश्न विचारून त्या गोंधळलेल्या आहेत असे ठरविणे न्याय्य नाही. तालुक्यातील खेड्यांतून आलेल्या अनेक वृद्धांना जन्मतारीख ठाऊकच नसते. डिसेंबर-नोव्हेंबरपेक्षा फाल्गुन-माघ त्यांच्या जिभेवर असतात. तेही नसेल तर रविवारपासून वार उलटे म्हणवून लक्ष टिकते की नाही हे कळते. रुग्णाच्या कानातले यंत्र आणि चष्मा घरी राहिला असेल, तर आधी तो मागविणे इष्ट.

निदान झाल्यावर मूळ कारण शोधून त्यावर इलाज करणे हाच मुख्य उपचार होय. हातपाय बांधल्याने गोंधळ बहुधा वाढतो. गुंगीचे इंजेक्शन रुग्णास वा इतरांस धोका असेल आणि अन्य उपाय चालत नसतील तेव्हाच, तेही अल्प मात्रेत द्यावयाचे असते. दारू एकाएकी सुटल्याने झालेल्या भ्रमाचे उपचार वेगळे असतात. म्हणून व्यसनाची माहिती घरच्यांनी संकोचाने दडवू नये. अमेरिकेतील येल येथे सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी पाजणे, चालविणे, रात्री झोप मिळू देणे, चष्मा व श्रवणयंत्र जवळ ठेवणे, वेळ-स्थळाची आठवण करून देणे एवढ्या साध्या उपायांनी चित्तभ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. यांतील एकही उपाय महाग नाही. लागते ते मनुष्यबळ, आणि गर्दीच्या वॉर्डात त्याचीच वानवा असते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

अजूनही काही घरांत अशा वेळी ‘ठाण्याला न्यावे का?’ अशी कुजबुज होते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे असल्याने हा वाक्प्रचार भाषेत रुजला आहे. परंतु अचानक भ्रमलेल्या वृद्धास प्रथम जवळच्या सर्वसाधारण रुग्णालयात नेले पाहिजे, आणि तेही त्याच दिवशी. पंचायत सदस्य, शिक्षक व आशा कार्यकर्त्यांना गावात हे सांगता येईल. सोबत घरातील सर्व औषधांची पिशवी द्यावी, दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळ्यांसह. आणि एका कागदावर रुग्ण शेवटचा नीट बोलला तो दिवस, त्याची बोलीभाषा व कामावर गेलेल्या मुलाचा दूरध्वनी क्रमांक लिहून तो केसपेपरला टाचावा.