खापरपणजोबांची हिशेबवही

आपल्या घराण्यात कुणी गुलाम बाळगले होते का, हे शोधण्यासाठी ब्रिटनमधल्या माणसाला आता दप्तरखान्यात धूळ खात बसावं लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१३ साली इंटरनेटवर एक सूची खुली केली. तीत आडनाव टाकलं की मळ्याचं नाव, वसाहत, गुलामांची संख्या आणि सरकारने मालकाला मोजलेले पौंड, शिलिंग, पेन्स समोर येतात. पेन्ससुद्धा! खजिन्यातून पैसा बाहेर पडायचा असला की कारकून चोख असतात.

ही सूची मुळात माणसांची नाहीच, पैशांची आहे. ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि १ ऑगस्ट १८३४ रोजी तो लागू झाला. सुमारे आठ लाख माणसं कागदोपत्री मोकळी झाली. भरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले, तेही मालकांना. गुलामांच्या हाती छदामही पडला नाही. उलट उमेदवारीच्या नावाखाली बहुतेकांना १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे राबावं लागलं. दोन कोटी म्हणजे सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या जवळपास ४० टक्के. त्यासाठी कर्ज काढावं लागलं आणि त्याचे शेवटचे रोखे फिटले ते २०१५ साली. म्हणजे गुलामांचे जे वंशज आज ब्रिटनमध्ये नोकरी-धंदा करतात, त्यांच्याही करातून मालकांची भरपाई फिटत होती.

संशोधकांच्या दृष्टीने मात्र हे घबाडच. पैसे हवे तर पुढे येऊन, नाव-पत्ता देऊन, माझे इतके गुलाम आहेत असं लेखी सांगणं भाग होतं. लाजेखातर गप्प बसावं तर पैसे बुडणार. त्यामुळे सुमारे ४६ हजार दावे दाखल झाले. त्यांत बडे जमीनदार होते, तसे पाद्री होते आणि एक-दोन गुलामांच्या मजुरीवर गुजराण करणाऱ्या विधवाही होत्या. अर्थात सूचीत नाव दिसलं म्हणजे तो माणूस मालकच, असं नव्हे. कुणी मृत्युपत्राचा व्यवस्थापक असे, कुणी मळा गहाण ठेवून घेतलेला सावकार. घाईने निष्कर्ष काढणारा इथे हमखास फसतो.

या सूचीतला एक बडा दावेदार जॉन ग्लॅडस्टन. त्याचा मुलगा विल्यम चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झाला. लॉर्ड रिपन यांना १८८० साली व्हाइसरॉय म्हणून हिंदुस्थानात धाडणारे ते हेच. आपल्याकडच्या जुन्या नेमस्त मंडळींना उदारमतवादाचा आदर्श वाटणारे गृहस्थ. त्यांच्या वडिलांचं चरित्र थोडक्यात सांगायचं तर साधं आहे: १७६४ साली स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्म, पुढे लिव्हरपूलला भागीदारी, जहाजं, चर्चना देणग्या, संसदेत जागा, सरदारकी, १८५१ साली मृत्यू. शोधणाऱ्याची पहिली अडचण नावाचीच. घराण्याचं मूळ आडनाव ‘ग्लॅडस्टन्स’. शेवटचा ‘स’ नंतर गळला, त्यामुळे एकाच स्पेलिंगवर विसंबणाऱ्याच्या हातून जुने कागद निसटतात.

दुसरी अडचण मोठी आहे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा डेमरारा म्हणजे आजच्या गयानाचा भाग. तिथल्या मळ्यांत जॉनसाहेबांचे पैसे १८०३ पासून गुंतले होते. ‘सक्सेस’ नावाचा मळा १८१६ पर्यंत पुरता त्यांचा झाला. पण तिथे त्यांनी स्वतः कधी पाऊल ठेवलं नाही. सगळा कारभार फ्रेडरिक कॉर्ट या मुखत्यारावर. त्याची पत्रं सांगत, सगळं आलबेल आहे, माणसं सुखात आहेत. ती पत्रं वाचून जॉनसाहेब लिव्हरपूलच्या वर्तमानपत्रांत गुलामगिरीच्या विरोधकांशी वाद घालत. अशा पत्रांवरून घराण्याचं चरित्र लिहिलं तर ते पत्रांइतकंच आलबेल होणार.

म्हणून जावं लागतं गुलामांच्या नोंदवह्यांकडे. चोरटी आयात रोखण्यासाठी १८१० च्या दशकात वसाहतीगणिक या वह्या सुरू झाल्या. ठरावीक वर्षांनी मालकाने माणसं मोजून द्यायची. त्या आज लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. पान उघडलं तर रकाने दिसतात: नाव, वय, वर्ण, जन्म आफ्रिकेतला की वसाहतीतला, काम काय, अंगावर खूण कोणती. रकाने वसाहतीनुसार थोडेफार बदलतात. आडनाव सहसा नाहीच. पुढच्या मोजणीत काय फरक पडला तेही लिहिलेलं असतं, जन्म झाला तर ‘वाढ’, मरण आलं तर ‘घट’. कोणत्या सालात घट जास्त, कोणत्या वयाची माणसं गेली, हे या पानांवरून लागतं. तिथे मुखत्याराच्या पत्राची गरज पडत नाही.

या घट-वाढीवरून संसदेतही खडाजंगी झाली. ग्लॅडस्टन यांच्या फ्रीड-एन-होप या मळ्यावर साखर वाढत गेली आणि माणसं कमी होत गेली, असा आरोप १८३३ साली लॉर्ड हॉविक यांनी केला. त्याला उत्तर द्यायला ३ जून रोजी २३ वर्षांचा विल्यम उभा राहिला. भावी पंतप्रधानाचं कॉमन्समधलं ते पहिलं महत्त्वाचं भाषण, आणि ते वडिलांच्या मळ्याच्या बचावाचं!

त्याआधी दहा वर्षं, १८ ऑगस्ट १८२३ रोजी, डेमरारात उठाव झाला होता. दहा हजारांवर गुलाम त्यात उतरले. सुरुवात ‘सक्सेस’वरून झाली आणि पुढाऱ्याचं नाव होतं जॅक ग्लॅडस्टन. मालकाचंच आडनाव गुलामाला चिकटलेलं. त्याचा बाप क्वामिना हा मळ्यावरचा सुतार, चर्चमधला मानाचा माणूस. रक्तपात होऊ नये म्हणून तो अखेरपर्यंत धडपडत होता. सैन्याने उठाव चिरडला. क्वामिनाला १६ सप्टेंबरला गोळी घातली आणि त्याचं प्रेत साखळदंडांनी बांधून ‘सक्सेस’च्या वाटेवर टांगलं. जॅकची रवानगी सेंट लुशिया बेटावर झाली.

क्वामिनाबद्दल आज एवढं कळतं ते कशामुळे? खटल्याच्या कागदांमुळे. चिथावणीचा आळ तिथल्या जॉन स्मिथ या मिशनऱ्यावर आला. त्याची रोजनिशी जप्त करून लष्करी न्यायालयात पुरावा म्हणून वाचली गेली. त्याला फाशी सुनावली, पण दयेचा हुकूम पोचण्याआधीच ६ फेब्रुवारी १८२४ रोजी तो तुरुंगात वारला. क्वामिनाची बायको पेगी आजारी असताना त्याला कामावरून सोडलं नाही आणि संध्याकाळी घरी परतला तेव्हा ती गेलेली होती, ही हकीकत स्मिथमुळेच मागे राहिली. मुखत्यार असलं काही मालकाला कळवणार नव्हता आणि नोंदवहीत पेगी म्हणजे एक घट. मालकाच्या कागदांत गुलामाचं घर दिसत नाही. ते दिसतं न्यायालयाच्या, मिशनच्या, पोलिसी चौकशीच्या कागदांत, म्हणजे बहुधा काहीतरी विपरीत घडल्यावरच. पूर्वजाचा शोध घेणाऱ्याने म्हणून घराण्याची कागदपत्रं सर्वांत शेवटी वाचावीत.

भरपाईच्या वेळी जॉन ग्लॅडस्टन यांच्या नावावर अडीच हजारांवर गुलाम निघाले आणि सुमारे १ लाख ६ हजार पौंड मिळाले. माणसाचा दर वसाहतीप्रमाणे बदलत असे. जमैकात सरासरी वीसेक पौंड, गयानात पन्नासच्या वर. नव्या, कसदार मळ्यांत मजूर कमी, म्हणून भाव चढा.

पुढचं पान थेट हिंदुस्थानात उघडतं. गुलाम सुटणार, मग ऊस कोण तोडणार? ४ जानेवारी १८३६ रोजी जॉनसाहेबांनी कलकत्त्याच्या गिलँडर्स, आर्बथनॉट कंपनीला पत्र घातलं: काही वर्षांच्या करारावर शंभरेक मजूर मिळतील का? कंपनी आधीपासून मॉरिशसला मजूर पाठवत होती. उत्तर उत्साहाने आलं आणि त्यात छोटा नागपूरच्या आदिवासींची तुलना चक्क माकडांशी केलेली होती. मे १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही जहाजं गयानाला लागली. त्यांतून चारेकशे माणसं उतरली आणि काही जण ग्लॅडस्टन यांच्या मळ्यांवर गेले. मारहाणीच्या, मृत्यूंच्या बातम्या आल्या आणि हिंदुस्थान सरकारला ही मजूरभरती काही काळ बंद करावी लागली. ती पुन्हा सुरू झाली आणि पुढे लाखो गिरमिटिये, म्हणजे असे करारावरचे मजूर, गेले. मॉरिशसला गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातले मराठी लोकही होते. त्यांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत आणि तिथले मराठी वंशज त्यांतून आपलं गाव शोधतात.

शोध असा दुसऱ्या बाजूने आपल्यापर्यंत पोचतो. मालकाच्या बाजूने मात्र पोचत नाही. १८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातला हिंदुस्थान वगळला होता. इथे १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामांवरची मालकी मानणं बंद केलं. भरपाई नाही, म्हणून दावे नाहीत, म्हणून यादीही नाही. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या आणि बटकींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, पण त्या जमाखर्चात विखुरलेल्या. कुलवृत्तांत छापण्याची आपल्याला दांडगी हौस. त्यांत सनदा, इनामं, कुलदैवतं तपशिलाने येतात. माजघरामागे राबलेल्या कुणबिणीचं नाव क्वचितच.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये, उठावाला दोनशे वर्षं होत असताना, ग्लॅडस्टन यांचे वंशज गयानाला गेले. विल्यम यांचे खापरपणतू चार्ली ग्लॅडस्टन यांनी जॉर्जटाउनच्या विद्यापीठात उभं राहून गुलामगिरीबद्दल आणि गिरमिटियांबद्दलही माफी मागितली. विद्यापीठातल्या स्थलांतराच्या अभ्यासकेंद्राला १ लाख पौंड देण्याचं त्यांनी जाहीर केलं. हा आकडा जॉनसाहेबांच्या भरपाईच्या इतका जवळचा आहे की वाचणारा थबकतो, आणि मधल्या जवळपास १९० वर्षांत पौंड किती घसरला हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. सभागृहात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, काहींनी निषेधही केला. गयानाचे अध्यक्ष इरफान अली यांनी आदल्याच दिवशी म्हटलं होतं की गुलामांच्या व्यापारात सामील असलेल्यांवर, ते हयात नसले तरी, मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचे आरोप ठेवावेत आणि भरपाईचा प्रश्न सोडवावा.