रांग दिसते, नफा मोजावा लागतो

गुरुग्रामला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी संध्याकाळी ब्लिंकिटच्या पिवळ्या टी-शर्टातली मुलं रांगेनं उभी असतात. त्यांच्याकडे बोट दाखवून शेजारचे काका मला म्हणाले, "एवढा धंदा डोळ्यांना दिसतोय, मग शेअर महाग कसा?" ब्लिंकिटची मालक कंपनी इटर्नल, म्हणजे आधीची झोमॅटो, इथलीच. काकांच्या निवृत्तीच्या पैशांचा प्रश्न होता, म्हणून कागद घेऊन बसलो.

धंदा जोरात म्हणजे भाव रास्त, हा सगळ्यात मोठा गैरसमज. २०२४-२५ मध्ये कंपनीचा निव्वळ नफा ५२७ कोटी रुपये होता आणि शेअर ९०० कोटींहून अधिक. एका शेअरच्या वाट्याला आले जेमतेम साठ पैसे. त्या मार्चअखेर भाव होता सुमारे २०० रुपये, म्हणजे कमाईच्या तीनशे पटींहून जास्त.

"मग हा फुगाच की!" काका म्हणाले. तेही घाईचंच. कंपनी पहिल्यांदा नफ्यात आली ती २०२३ च्या एप्रिल-जून तिमाहीत, तोही अवघा २ कोटींचा. नफा नुकता अंकुरलेला असताना हे गुणोत्तर अवाढव्यच दिसणार. त्यापेक्षा गणित उलटं मांडावं. पुढे धंदा स्थिरावल्यावर बाजार कमाईच्या चाळीस पट भाव देईल असं धरलं, तर २०० रुपये टिकायला शेअरमागे ५ रुपये कमाई हवी. म्हणजे वर्षाला साडेचार-पाच हजार कोटींचा नफा. तोही नुसता भाव टिकायला. वाट पाहण्याचा मोबदला वेगळाच. रायडरचे पैसे, गोदामाचं भाडं, सवलती वजा जाता एका ऑर्डरमागे किती उरतं, यावर ते ठरेल.

झोमॅटोचाच इतिहास सांगून लोक तज्ज्ञांना मोडीत काढतात. जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना विकलेला हा शेअर बाजारात ११६ ला उघडला, नोव्हेंबरात १६९ वर गेला. प्राध्यापक अश्वथ दामोदरन यांनी नोंदणीआधीच त्याचं मोल सुमारे ४१ रुपये काढलं होतं. वर्षभरानं जुन्या भागधारकांवरचं विक्रीचं बंधन उठलं आणि भाव खरोखरच तिथवर घसरला. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये तो तीनशेवर पोहोचला. मग ते चुकले का? माझ्या मते नाही. ४१ हा तेव्हाच्या कंपनीचा हिशेब होता, आणि ब्लिंकिट आली ती २०२२ मध्ये. कंपनी बदलली की मोल पुन्हा काढावं लागतं.

पडलेला शेअर स्वस्त, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. नोएडाच्या पेटीएमचा शेअर २१५० ला विकला गेला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्के आपटला. तेव्हा 'आता स्वस्त झाला' म्हणून घेणाऱ्यांनी मे २०२४ मध्ये ३५० च्याही खालचा भाव पाहिला. मधे रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले होते.

शेअरचे तुकडे झाल्यानंही तो स्वस्त होत नाही. नोएडाच्याच डिक्सन कंपनीनं २०२१ मध्ये एका शेअरचे पाच केले. भाकरी तेवढीच, चतकोर जास्त.

काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. जाताना फाटकाशी थांबून रांगेकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि विचारलं, "साठ पैशांचे पाच रुपये व्हायला किती वर्षं धरायची?"