जुन्या शालूचे मोल

वाचकहो, आपल्या घरातील जुनी पेटी आपण शेवटची कधी उघडली होती? तिच्या तळाशी, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेला, आजीच्या किंवा पणजीच्या लग्नातला एखादा शालू असेल. त्याचा पोत विरला असेल, घडीवर चिरा गेल्या असतील. नेसण्याजोगा तो राहिलेला नाही, टाकवतही नाही. अशा वस्त्राचे काय करावे, हा प्रश्न अनेक घरांना पडतो. त्याचे एक उत्तर, जेथून शालू आपल्याकडे आला त्याच प्रदेशात सापडते.

लखनौ शहराच्या नैर्ऋत्येस अमौसी आहे. विमानाने येणारा प्रवासी प्रथम येथेच उतरतो. विमानतळातून बाहेर पडून तो शहरात शिरला, की लखनौची चिकनकारी त्याचे लक्ष वेधून घेते. पांढऱ्या तलम कापडावर पांढऱ्याच धाग्याने भरलेली ही नक्षी. लाकडी ठशांनी कापडावर कच्च्या निळ्या रंगात आकृती उमटवतात, तिच्यावर स्त्रिया भरतकाम करतात आणि शेवटी धुलाईत तो निळा रंग निघून जातो. टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाळी अशी टाक्यांची नावे आहेत. बखियाचे काम उलट्या बाजूने होते व सुलट बाजूस त्याची केवळ सावली दिसते. जाळीसाठी कापडाचा एकही धागा कापत नाहीत. सुईने धागे बाजूला सारून छिद्रे पाडतात. या कलेला 2008 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला.

परंतु जुन्या वस्त्रांचे भांडार पाहायचे तर लखनौहून सुमारे 300 किलोमीटर प्रवास करून काशीस जावे लागते. तेथील हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात ‘भारत कला भवन’ हे संग्रहालय आहे. हिंदीचे साहित्यिक आणि कलामर्मज्ञ राय कृष्णदास यांनी 1920 साली ‘भारतीय कला परिषद’ या नावाने त्याचा आरंभ केला व रवींद्रनाथ ठाकूर हे त्याचे अध्यक्ष झाले. 1950 साली हा संग्रह विश्वविद्यालयाच्या स्वाधीन झाला. आज त्यात एक लाखाहून अधिक वस्तू आहेत. चित्रे आणि शिल्पे यांबद्दल त्याची ख्याती आहेच. पण बनारसचे किनखाब, काश्मिरी शाली आणि बंगालची बालूचरी वस्त्रे हेही त्याचे वैभव आहे.

येथे एक शंका येईल. काशीत तर आजही हातमाग चालतात. मग जुने वस्त्र जपण्याचे कारण काय? याचे उत्तर विणकामाच्या रीतीत आहे. पूर्वी काशीत नक्षीची आकृती प्रथम कागदावर काढीत. मग ‘नक्शाबंद’ नावाचा कारागीर ती धाग्यांच्या जाळ्यात बांधी. कोणत्या फेकीला ताण्याचे कोणते धागे उचलायचे, हे त्या जाळ्यात साठविलेले असे. मागाच्या वर बसलेला मदतनीस ते धागे ओढी आणि खाली विणकर धोटा फेकी. फ्रान्समध्ये जाकार याने 1804 च्या सुमारास छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी चालणारी युक्ती काढली. विसाव्या शतकात ती काशीस आली आणि धाग्यांचा नक्शा मागे पडला. नक्शा जीर्ण होऊन गेला, कारागीर गेला, म्हणजे त्या आकृतीची स्मृती केवळ विणलेल्या वस्त्रातच उरते. वस्त्र गेले की तीही गेली.

आणि वस्त्रे गेली, ती केवळ कसरीमुळे नव्हे. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार. तिच्यावर सोन्याचा मुलामा. शालू फाटला की घराघरांतून तो जर विकत घेणाऱ्याच्या हाती जाई. तो वस्त्र जाळून चांदी काढून घेई. मुठीएवढ्या चांदीसाठी कित्येक महिन्यांची मेहनत आणि नक्शाबंदाची बुद्धी राख होई. यात घरच्या माणसांना दोष कसा द्यावा? अडचणीच्या दिवसांत चांदीने चूल पेटते. फाटक्या शालूने नाही. म्हणूनच ज्यांनी वेळीच अशी वस्त्रे मिळवून सांभाळली, त्यांचे ऋण मोठे आहे. आपल्या पुण्यात दिनकर केळकर यांनी अशीच हौसेने घरगुती वस्तू गोळा केल्या आणि दिवंगत पुत्र राजा याच्या नावाने उभा केलेला तो संग्रह 1975 साली महाराष्ट्र शासनास दिला.

आपल्याजवळील वस्त्र कोणते, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ते उलटून पाहा. पैठणीच्या पदरावर नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कारण तेथे रंगारंगाचे बाणे एकमेकांत गुंतवून विणलेले असतात. बनारसी वस्त्रात जर ही जादा बाण्याने घातलेली असते. कढुआ कामात प्रत्येक बुट्टी स्वतंत्र विणतात, म्हणून मागे लोंबते धागे राहत नाहीत.

आता जपणुकीविषयी. वस्त्रांचा पहिला शत्रू प्रकाश. त्याने झालेली हानी साठत जाते व कधीही भरून येत नाही. म्हणून संग्रहालयांत वस्त्रांच्या दालनात उजेड मंद, सुमारे 50 लक्स एवढाच ठेवतात. हा अंधार पाहून प्रेक्षक कुरकुरतात. पण त्या अंधारामुळेच रंग टिकतो. घरी तीच दृष्टी ठेवावी. शालू उन्हात वाळत घालू नये, सावलीत वाऱ्यावर धरावा. प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता धुतलेल्या, खळविरहित सुती कापडात ठेवावा. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत. दर काही महिन्यांनी घडी बदलावी. शक्य असल्यास घडीच न घालता नळीवर गुंडाळावा. टाचणी लावू नये आणि घरी धुण्याचा मोह टाळावा. फार जीर्ण वस्त्राला हात लावण्यापूर्वी जाणकारांना विचारावे. लखनौ येथे 1976 पासून सांस्कृतिक संपदेच्या संरक्षणासाठी राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा आहे. जुन्या वस्तू कशा टिकवाव्यात, याचा तेथे शास्त्रीय अभ्यास होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट मात्र एका कागदाची आहे. संग्रहालयात वस्तू आली की तिची प्रथम नोंद होते: कोठून आली, कोणाची, केव्हाची. नोंद नसलेले वस्त्र सुंदर असले तरी मुके असते. आपल्या घरी ही नोंद केवळ वडीलधाऱ्यांच्या मनात आहे. हा शालू कोणाच्या लग्नात, कोणत्या साली, कोठून आणला. त्यावेळी किती रुपये पडले. नंतर कोणत्या मंगलप्रसंगी नेसला गेला, हे आजी आज सांगू शकते. उद्या विचारू म्हणून थांबलेल्या कितीएक घरांत आता सांगणारे कोणी उरलेले नाही.

तेव्हा येत्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ती पेटी उघडावी. मुलांना हात स्वच्छ धुवून जवळ बसवावे, आजीला बोलते करावे आणि ती सांगेल ते एका साध्या कागदावर लिहून तो कागद त्या फडक्याच्या बाहेर, पेटीतच ठेवावा. शालू पुढे घरी राहो की संग्रहालयात जावो. तो कोणाचा होता, हे पाहणाऱ्याला त्या कागदावरून कळेल.