गाळ्यात तयार होईल घर, कागद मिळाला तर

पाऊस सरून हवेत गारवा आला की अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यांवर तंबूवाल्यांची वर्दळ वाढते आणि कॅराव्हॅन पर्यटनाची चर्चाही पुन्हा सुरू होते. राज्याचं धोरण आलं 2021 मध्ये. सोफा, टीव्ही, एसी असलेल्या त्या लांबलचक गाड्यांचे फोटो तेव्हापासून सगळ्यांनी पाहिलेत. पण त्याच धोरणातली एक ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटली. कोणकोणती वाहनं कॅराव्हॅन म्हणून चालतील, त्यात एक आसाच्या आणि दोन आसांच्या कॅराव्हॅनबरोबर तंबू-ट्रेलर, घडीची कॅराव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलर यांचीही नावं आहेत. म्हणजे आपल्याच गाडीच्या मागे जोडायचं, दोघांपुरतं, चाकांवरचं घर सरकारनं कागदावर तरी मान्य केलेलं आहे. आणि असं घर बांधायचं कसब महाराष्ट्रात कुठे एका जागी सापडेल, तर ते वसई-विरारमध्ये.

वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार या पट्ट्यातल्या औद्योगिक गाळ्यांमधून एक फेरी मारली की हे पटतं. एका गाळ्यात चॅनल-अँगलचं वेल्डिंग, दुसऱ्यात पत्राकाम, पुढे पावडर कोटिंग, पलीकडे फर्निचर. महामार्गालगत पाटे, हब, बेअरिंग यांची दुरुस्ती करणारे हात आहेत. कॅम्पिंग ट्रेलरला याहून वेगळं काही लागत नाही. अडचण वेगळीच आहे आणि तिच्याकडे येतोच.

आधी ट्रेलर कुठला घ्यायचा ते पाहू. शेतीची ट्रॅक्टर-ट्रॉली नको. तिचं रिकामं वजनच टनाच्या आसपास किंवा पुढे असतं, ती ट्रॅक्टरच्या मंद चालीसाठी बांधलेली असते आणि मोटारीच्या वेगाला उसळते. शोधायचा तो हलका, एका आसाचा, पाट्यांवरचा ट्रेलर: जनरेटर किंवा कॉम्प्रेसर वाहणारा, नाहीतर लष्कराच्या लिलावातून आलेला जीपमागचा. घेताना रंग पाहू नये. आडवं झोपून खालून सांगाडा पाहावा. वेल्डिंगच्या जोडांना तडे आहेत का, पाटे दोन्ही बाजूंना सारखे बसलेत का, चाक हातानं फिरवलं तर बेअरिंग घरघरतं का, हे तपासावं. वर्षानुवर्षं एका जागी उभ्या राहिलेल्या ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत दिसली तरी बदलावेत. रबर उन्हानं कडक झालेलं असतं.

वर काय बांधायचं, याचं उत्तर अमेरिकेत 1930 च्या दशकातच सापडलं. पुढे गोल आणि मागे निमुळती होत जाणारी, अश्रूच्या आकाराची बुटकी पेटी. आत फक्त अंथरूण, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. 1947 मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकानं घरी बांधता येईल असा तिचा आराखडा छापला आणि लोकांनी तो पाहून गॅरेजमध्ये ट्रेलर बांधले. या पेटीचं माप साधारण 8 फूट बाय 4 फूट असायचं, कारण प्लायवूडचा ताव त्या मापाचा येतो. आपल्याकडेही ताव त्याच मापाचा मिळतो. तळाला एक अख्खा ताव, करवत न लावता. प्लाय मात्र आयएस 710 छापाचा, म्हणजे मरीन, घ्यावा. समुद्राच्या हवेत स्वस्त प्लायचे थर सुटायला एक पावसाळा पुरतो.

खरी गोम आहे ती वजनात, आणि हौशी माणसाचं लक्ष नेमकं तिथेच उडतं. 18 मिलिमीटरच्या एका तावाचं वजन 35 ते 40 किलो भरतं. भिंतींनाही तोच वापरला तर पेटी बांधून होईपर्यंतच दोन-तीनशे किलो जातात. म्हणून तळ जाड, भिंती पातळ आणि मधे लाकडाच्या पट्ट्या. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो. घरातल्या इन्व्हर्टरची शिशाची मोठी बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते. तिच्याऐवजी 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी बारा-पंधरा किलोंत येते आणि सुमारे 1200 वॉट-तास साठवते. 28 वॉटचा पंखा रात्रभर, दहा तास चालला तर 280 वॉट-तास खर्च होतात. दिवे आणि मोबाइल धरूनही दोन रात्री सहज निघतात.

हे वजन कुठे ठेवलंय, यावर जीव अवलंबून असतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा किंचित जास्त भार पुढच्या दांड्यावर, म्हणजे गाडीच्या हुकावर, यायला हवा. पाचशे किलोंच्या ट्रेलरला पन्नास-साठ किलो. दांडा हलका राहिला आणि सामान मागे साचलं, तर वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि तो झोका गाडीलाही ओढून नेतो. दांडा फार जड झाला तर गाडीचं मागचं अंग दबतं, पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंगची पकड सुटते. स्वयंपाकाचा ओटा मागे, म्हणून पाणी आणि बॅटरी पुढे, हा हिशेब आराखड्यातच बसवावा. नंतर तो जमत नाही. महामार्गावर वजनकाटे हवे तितके आहेत. भरलेला ट्रेलर काट्यावर चढवून एकूण वजनाची पावती घ्यावी आणि दांडा घरच्या वजनयंत्रावर टेकवून आकडा पाहावा. हे केल्याशिवाय कुणीही वर्सोवा पुलाकडे किंवा जव्हारच्या घाटाकडे चाक वळवू नये, असं मी पूर्ण गांभीर्यानं सांगतो.

आता पाणी. वसईचा पाऊस कुठल्या फटीतून आत येईल, हे पत्राकाम करणाऱ्यापेक्षा होडी बांधणाऱ्याला जास्त कळतं. पोर्तुगीजांच्या काळात वसई जहाजबांधणीसाठी ओळखली जाई. आजही किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत लाकडावर फायबरचा थर चढवून होडी घट्ट करणं सगळ्यांच्या ओळखीचं काम आहे. ट्रेलरच्या छताची गोलाई आणि कोपऱ्यांचे सांधे याच पद्धतीनं बंद करता येतात. वरून ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून त्याला लोखंडी स्क्रू लावले, तर खाऱ्या हवेत दोन धातूंच्या जोडावर गंज धरतो आणि भोकं मोठी होत जातात. वालीवच्या गाळ्यातली वेल्डिंगची कांडी आणि कोळीवाड्यातला फायबरचा हात एकत्र आले, तर जे तयार होईल ते बाहेरून आणलेल्या महागड्या पेटीपेक्षा टिकाऊ असेल, याबद्दल मला शंका नाही.

ट्रॉलीचं घर करण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. वारीत दिंडीमागे चालणाऱ्या ट्रकवर, ट्रॉलीवर ताडपत्री ओढली की सामानही कोरडं राहतं आणि थकलेल्या म्हाताऱ्या माणसांना टेकायला जागा होते. नोव्हेंबर 2020 पासून वर्षभराहून अधिक काळ दिल्लीच्या सिंघू आणि टिकरी सीमांवर पंजाब-हरियाणाचे आंदोलक शेतकरी राहिले ते ट्रॉल्यांमध्येच. खाली पेंढा, वर गाद्या, ताडपत्रीचं छप्पर, लटकता बल्ब. डिसेंबर 2020 मध्ये तिथून निघालेल्या वार्तापत्राचं नावच ‘ट्रॉली टाइम्स’ होतं. दिल्लीची थंडी आणि उन्हाळा त्या ट्रॉल्यांनी निभावून नेला.

मग वसईच्या माणसाला अडवतंय काय? कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(28) मध्ये ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरही येतो. त्याला इंजिन नसलं तरी त्याची वेगळी नोंदणी लागते, त्याचा क्रमांक त्याच्या बाजूवर हवा आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक मागे. व्याख्येत आला म्हणून कलम 52 ही लागू. उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेत, नोंदणीतल्या तपशिलांना छेद देणारा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 9 जानेवारी 2019 च्या निकालात स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. मालवाहू ट्रेलरवर झोपायची खोली उभारणं याच कलमांच्या तोंडी जातं.

रस्त्यावरची सुरक्षितता राखणारा कायदा हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती धोरणात कॅम्पर ट्रेलरचं नाव लिहून तो सामान्य माणसानं कसा मंजूर करून घ्यायचा, याचा सोपा रस्ता न दिल्याबद्दल. युरोपात 750 किलोंपर्यंतच्या ट्रेलरचा वेगळा हलका वर्ग आहे. त्याला स्वतःचे ब्रेक लागत नाहीत आणि साध्या मोटारीच्या परवान्यावर तो ओढता येतो. आपल्याकडे वाहनांची चाचणी करणाऱ्या मोठ्या संस्था महाराष्ट्रातच आहेत: पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरला व्हीआरडीई. त्यांनी हलक्या कॅम्पर ट्रेलरचा एक-दोन मापांचा प्रमाणित आराखडा द्यावा. सांगाडा, हूक, सुरक्षासाखळी, दिवे, रिफ्लेक्टर, वजनाची मर्यादा, सगळं त्यात असावं. गाळेवाल्यानं त्याबरहुकूम बांधावं आणि एमएच-48 च्या, म्हणजे वसईच्या आरटीओच्या, निरीक्षकानं काट्यावर वजन करून, ब्रेकलाइट पाहून शिक्का द्यावा. केंद्राच्या नियमांत बदल लागेल हे खरं, पण ज्या राज्यानं धोरण आणलं त्यानंच तो मागायला हवा.

तोवर ज्यांना थांबवत नाही त्यांच्यासाठी त्यातल्या त्यात सुरक्षित वाट मला एकच दिसते. नोंदणीचं पुस्तक असलेलाच ट्रेलर घ्यावा, त्याच्या सांगाड्याला आणि हौद्याला हात लावू नये. गादी, पेटारे, शेगडी सुट्या सामानासारखी न्यावी आणि मुक्कामी पोहोचल्यावर वर तंबू ताणावा. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत किती वजन ओढता येईल ते दिलेलं नसेल, तर ती गाडी या कामासाठी नाही असं समजावं. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, मूल तर नाहीच. शेगडीचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साचतो. म्हणून सिलिंडर झोपण्याच्या जागेबाहेर ठेवावा.

मुक्काम वाळूवर करू नये. भरतीत अडकलेल्या गाड्यांच्या बातम्या आपल्याच किनाऱ्यांवरून येतात. त्यापेक्षा वसईच्या पश्चिमेकडे अजून शिल्लक असलेल्या वाड्या पाहाव्यात. केळीची बाग, बाजूला बावखलाचं तळं, विहीर, अंगणात गाडी फिरेल एवढी जागा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 चं आहे, कॅराव्हॅनचं त्याच्या पुढच्याच वर्षाचं. दोन्ही एकत्र वाचली तर एखाद्या वाडीवाल्याला चार ट्रेलरांपुरती जागा, पाण्याचा नळ, विजेचा सॉकेट आणि स्वच्छ संडास देऊन हिवाळ्याचे चार महिने कमाई करता येईल, आणि बिल्डरला नाही म्हणायला त्याच्या हाती आणखी एक कारण येईल.