भटके मांजर घरचे कधी होते?

या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा आमच्या काही स्नेह्यांना हसू आले. संप, बोनस आणि किमान वेतन यांवर बोलणारा मनुष्य मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याचा ठराव मांडणार की काय, असे एकाने विचारलेही. यंत्रमागांच्या वस्तीत आमच्या युनियनची कचेरी आहे. तेथे लोक पगाराच्या तक्रारीबरोबर घरच्या अडचणीही घेऊन येतात, आणि अलीकडे त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला आहे. पोरांनी पावसात भिजलेले मांजर घरी आणले. आठ दिवस झाले, ते कपाटाखालून बाहेर येत नाही, हात पुढे केला तर फिस्कारते. याला माया लागणार तरी कधी? की सोडून द्यावे?

सोडून द्यावे, हे म्हणायला सोपे आहे. पण ते मांजर उचलून आणले तेव्हाच त्याची ओळखीची जागा, पोट भरण्याचे ठिकाण, लपण्याच्या फटी हे सारे आपण तोडलेले असते. पुढे त्याला सोडतात तेही बहुधा भलत्याच ठिकाणी, मासळीबाजाराच्या मागे, ‘तिथे पोटाला मिळेल’ अशा समजुतीने. तेथील मांजरे आपापली हद्द राखून असतात, आणि नवख्याला ती हद्द रक्त निघेपर्यंत शिकवतात. पहिल्या पंधरवड्यातील आपला उतावळेपणा त्या जनावराच्या जिवावर बेततो तो असा. आम्ही पशुवैद्य नव्हे. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. येथे मांडतो ते वाचलेले, जाणत्या डॉक्टरांना विचारून घेतलेले आणि कचेरीत डोळ्यांनी पाहिलेले आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की मांजर हा कुत्र्याचा धाकटा भाऊ नव्हे. कुत्र्याचे पूर्वज कळपाने राहणारे. मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर, एकट्याने शिकार करणारे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणूस धान्य साठवू लागला, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे अवशेष सापडल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ओळख जुनी. पण ती मांजराने स्वतःच्या अटींवर केलेली आहे. कुत्रे माणसाला धरते आणि मांजर घराला, असे आपल्याकडे म्हणतात, ते बरेचसे खरे आहे. त्याला आधी जागेची खात्री पटावी लागते, माणसाची नंतर.

म्हणून पहिले दिवस जागेचे. केस्लर आणि टर्नर या संशोधकांनी १९९७ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. मालक गावाला गेल्यावर मांजरे ठेवण्याची जी पाळणाघरे असतात, तेथील १४० मांजरे त्यांनी दोन आठवडे पाहिली. पहिल्या चार दिवसांत मांजरांचा ताण ठळकपणे उतरला, आणि दोन आठवड्यांत सुमारे दोनतृतीयांश मांजरे चांगली रुळली. थोड्यांना मात्र ती जागा सोसलीच नाही. आता ही सारी घरात वाढलेली, खाऊनपिऊन सुखी मांजरे. गटाराच्या कडेला जन्मलेल्या जिवाने आठव्या दिवशी मांडीवर यावे, अशी अपेक्षा कोणत्या हिशेबाने धरायची?

हॉलंडमधील एका आश्रयगृहातला २०१४ चा प्रयोग तर आमच्या एका खोलीत राहणाऱ्या लोकांच्या फारच उपयोगाचा आहे. नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपायला खोका दिला, काहींना दिला नाही. खोका मिळालेली मांजरे लवकर शांत झाली. लपणे हा मांजराचा हट्ट नव्हे, ते त्याचे औषध आहे. दहा बाय दहाच्या खोलीत खाटेखाली पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवावा, वर जुनी साडी सोडावी. पाण्याची वाटी, खाण्याची ताटली आणि वाळूचे घमेले एकमेकांपासून दूर मांडावे. शेजारपाजाऱ्यांना दर्शनाला बोलावू नये, आणि काठीने ढोसून बाहेर तर मुळीच काढू नये. ते रात्री सामसूम झाल्यावर खाईल; खाऊ द्यावे. दूध दिलेच पाहिजे असे नाही. पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि घाण मात्र आपल्याला काढावी लागते. परंतु दोन दिवस अन्नाला तोंडच लावले नाही, तर ‘रुसले असेल’ म्हणून बसू नये, पशुवैद्य गाठावा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते दगावू शकते. पशुवैद्याकडे पहिल्या आठवड्यात एकदा न्यावेच लागते, जंतांसाठी आणि लसीसाठी. चावले किंवा ओरबाडले, तर जखमेवर हळद, तिखट, चुना काही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. रेबीजच्या बाबतीत ‘उद्या बघू’ हा शब्द नको.

आता मूळ प्रश्न. आश्रयगृहे चालवणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक आडाखा सांगतात. तीन दिवसांत भीतीचा पहिला भर ओसरतो, तीन आठवड्यांत घराची वेळापत्रके कळतात, तीन महिन्यांत घर आपलेसे वाटू लागते. आडाखा वाईट नाही. पण तो काही कायद्याचे कलम नव्हे. खरा फरक पडतो तो त्या मांजराच्या बालपणाने. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, वयाच्या साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिलांना माणसाचा प्रेमळ हात लागतो, ती पुढे माणसाची होतात. त्या पाच आठवड्यांत माणूस दिसलाच नाही, तर पुढची वाट लांबते. बाप कसा होता यानेही फरक पडतो. धीट बोक्याची पिले धीट निघण्याकडे कल असतो, मग त्यांनी बापाचे तोंड कधी पाहिलेले नसो.

(हे ऐकून कोणी घाईघाईने पिले उचलू नयेत. मांजर पिलांना सात घरे दाखवते म्हणतात. ती जागा बदलत असते, शिकारीला गेलेली असते. पिले उबदार आणि शांत असतील, तर काही तास दूर उभे राहून तिची वाट पाहावी.)

त्यामुळे एकाच रस्त्यावर दिसायला सारखी दोन मांजरे असतात. एक कोणाच्या तरी घरातून टाकलेले. ते काही दिवसांत तोंडाकडे पाहून म्यांव करते, शेपूट उभी करून पुढे येते. दुसरे नाल्याखाली जन्मलेले. ते मुकेपणाने भिंतीला चिकटते आणि आपली नजर टाळते. पहिल्याला आठवडे पुरतात, दुसऱ्याला महिने लागतात, कधी वर्ष. ठेकेदाराच्या हाताखाली दहा वर्षे काढलेला कामगार पहिल्या गेट-मीटिंगला रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीशी उभा राहतो. त्याला हाताला धरून पुढे ओढला, तर दुसऱ्या दिवशी तो टपरीशीही दिसत नाही. त्याच्याकडे न पाहता सभा चालू ठेवावी, तो आपण होऊन दहा पावले पुढे येतो. मांजराचेही तेच. टर्नर यांच्याच आणखी एका निरीक्षणात असे आढळले की, जवळीक मांजराने सुरू केली तर ती अधिक वेळ टिकते, माणसाने केली तर लवकर आटोपते.

तेव्हा करायचे ते एवढेच: रोज ठरल्या वेळी खाणे एकाच माणसाने ठेवावे, मग चार हात दूर जमिनीवर तिरके बसून वर्तमानपत्र वाचावे. मोठ्याने वाचले तरी चालते. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की मांजरे धन्याचा आवाज परक्याच्या आवाजाहून वेगळा ओळखतात. कान फिरवतात, मान वळवतात. उठून मात्र बहुधा कोणी येत नाही! रोखून पाहू नये. नजरानजर झालीच, तर पापण्या सावकाश मिटून सावकाश उघडाव्या. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधील प्रयोगात, असे डोळे मिटणाऱ्या परक्या माणसाकडे मांजरे अधिक सहजतेने गेली. मांजर डोळे मिटून दूध पिते, यावरून आपण त्याला लबाड ठरवले. पण ते आपल्यासमोर डोळे मिटते तेव्हा ती लबाडी नसून भरवसा असतो.

आमच्या कचेरीत २०१९ च्या जूनमध्ये एक करड्या रंगाची मांजरी आली. सायझिंगच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटारातून पोरांनी काढलेली. अकरा दिवस ती रजिस्टरांच्या कपाटाखाली होती. दुसरी पाळी सुटल्यावर रखवालदार ताटली ठेवी आणि दिवा मालवी. सहाव्या आठवड्यात ती भर सभेत खिडकीत येऊन बसली. तिसऱ्या महिन्यात तिने रखवालदाराच्या पायावर गाल घासला, त्यानेही पुढे हात केला नाही. मांडीवर आली ती दीड वर्षाने, आणि तीही फक्त त्याच्या. आमच्या मांडीवर ती अजून आलेली नाही. आमची तक्रार नाही.

भरवशाच्या खुणा ओळखायला शिकावे. उभी शेपूट, गाल घासणे, आपल्यादेखत अंग चाटणे, आपल्याकडे पाठ करून झोपणे, ह्या खऱ्या. घुरघुर नेहमीच आनंदाची नसते. दुखण्यात असलेले मांजरही घुरघुरते.

आणि काही मांजरे कधीच घरची होत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पूर्ण वाढलेले, माणसाचा स्पर्श न झालेले मांजर महिने उलटले तरी भिंतींवर धडका घेत असेल, तर त्याने कृतघ्नपणा केला असे नव्हे. त्याचे निर्बीजीकरण करावे, लस टोचावी, आणि जेथून आणले नेमक्या त्याच जागी सोडून तेथे रोज खाणे ठेवावे. शस्त्रक्रिया झालेल्या अशा मांजराच्या एका कानाचे टोक छाटलेले असते, म्हणजे त्याला पुन्हा कोणी त्याच कामासाठी पकडत नाही.

घरात रुळलेल्या मांजराला दार उघडण्याचीही घाई नको. निदान तीन-चार आठवडे त्याला आतच ठेवावे, निर्बीजीकरण आधी उरकावे. मग एखाद्या दिवशी जेवणाच्या थोडे आधी, पोट रिकामे असताना, दार अर्धे उघडे ठेवून आपण उंबऱ्याशी बसावे. ते दोन पायऱ्या उतरेल, वास घेईल, दचकून परत येईल. तेव्हा ताटली भरलेली आणि रोजच्याच जागी असावी.