ज्याचं जप्त करावं असं काहीच नव्हतं

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण पूर्णाकाठचं येलदरी, जिंतूर, अख्खा परभणी जिल्हा निजामाच्याच राज्यात राहिला. त्याच दिवशी हैदराबादेत पोलिसांनी एका संन्याशाला अटक केली. ते होते स्वामी रामानंद तीर्थ. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणल्या जाणाऱ्या निजामाला एका भगव्या कफनीची एवढी धास्ती का वाटावी?

1903 साली सिंदगीत जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर तरुणपणी कामगार नेते ना. म. जोशींसोबत चळवळीत होते. पुढे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले आणि 1930 मध्ये संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. नवल असं, की ते हिमालयात गेले नाहीत, मुलांतच राहिले. 1935 पासून अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवू लागले. निजामाच्या 'गश्ती निशाण 53' या हुकमामुळे साध्या सभेलाही सरकारी परवानगी लागे. अशा राज्यात माणसं घडवायला शाळेइतकी मोकळी जागा दुसरी कुठली?

1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. 1940 ला पुन्हा, 1942 ला पुन्हा. 1947 च्या अटकेतून सुटले, तर जानेवारी 1948 मध्ये परत आत. सप्टेंबरात निजामाची राजवट कोसळली तेव्हाच त्यांची खरी सुटका झाली.

सत्ता माणसाला वाकवते ती त्याच्या घराच्या, जमिनीच्या, लेकराबाळांच्या आणि शेवटी जिवाच्या धाकावर. संन्यासविधीत तर माणूस स्वतःचं श्राद्धही स्वतःच करतो! त्याला कशाचा धाक घालणार? हा पेच एकट्या निजामाचा नव्हता. सोव्हिएत रशियाने 1923 मध्ये सोलोवेत्स्कीचा प्राचीन मठच बंदिछावणी केला. तिथल्या साधूंचा छळ श्रद्धेपायी झाला, स्वामीजींना तुरुंग घडला तो राजकारणापायी. तरी ज्याने आधीच सगळं सोडलं आहे त्याच्यापुढे दोन्ही सत्तांना सारखाच पेच पडला.

आणि याहून मोठं आश्चर्य स्वामीजींच्या मागून निघालेल्यांचं आहे. त्या शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी काही सोडलेलं नव्हतं. गमावण्यासारखं सगळं त्यांच्यापाशी होतं, तरी ते तुरुंगात गेले. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचा झेंडा चढतो, तेव्हा स्वामीजींइतकाच मान या संसारी माणसांचा आहे.